काचतंतूंचा कचरा : छपरापासून सिमेंट भट्टीपर्यंत

विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गेल्या उन्हाळ्यात वसतिगृहाची डागडुजी झाली. भोजनगृहाच्या छपरात उजेडासाठी बसविलेले ‘फायबर’चे अर्धपारदर्शक पत्रे स्थापनेच्या वेळचे होते. पंचवीस उन्हाळे सोसून ते पिवळे पडले होते, ठिकठिकाणी तडकले होते, आणि त्यांच्या पृष्ठभागावर बारीक पांढरे तंतू उघडे पडले होते. ते खाली उतरविले तेव्हा मदतीला धावलेल्या मुलांचे हात दिवसभर खाजत राहिले. स्नानगृहांची मोडकी फायबरची दारेही त्याच ढिगात पडली. पुढे भंगारवाला आला. त्याने लोखंड नेले, बाटल्या नेल्या, जुन्या वह्या तोलून नेल्या, पत्र्यांवर मात्र एकदा टिचकी मारली आणि म्हणाला, “गुरुजी, हा माल कोणी घेत नाही.”

एका संध्याकाळी काही मुलांनी त्यातला एक तुकडा पेटवून पाहिला. काळा धूर निघाला, घशाला झोंबणारा वास पसरला, आणि आम्ही धावत जाऊन ती आग विझविली. सकाळी राखेत हाताएवढी एक पांढरी जाळी शिल्लक होती. इयत्ता सातवीतील एका विद्यार्थिनीने ती कागदावर घेऊन विज्ञानाच्या तासाला आणली आणि विचारले, “सर, सगळं जळलं, मग हे का नाही जळलं?”

या प्रश्नाचे उत्तर वर्गात पाच मिनिटांत देता आले. परंतु त्याच्या पाठोपाठ जो दुसरा प्रश्न उभा राहिला, तो आम्हांस बरेच दिवस पुरला. जळत नाही, कुजत नाही, कोणी विकत घेत नाही, अशा वस्तूचे शेवटी करायचे काय? या लेखात त्या दोन्ही प्रश्नांचा विचार केला आहे.

काचेचा धागा

मुलीने आणलेली पांढरी जाळी म्हणजे काच होती. वाळू, चुनखडी, ॲल्युमिनायुक्त माती व बोरॉनची संयुगे एकत्र वितळवून केलेला रस प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या पात्राच्या तळाशी असलेल्या शेकडो सूक्ष्म छिद्रांतून वेगाने ओढला, की काचेचे अखंड धागे तयार होतात. एकेका धाग्याची जाडी साधारणपणे ९ ते २४ मायक्रॉन असते. माणसाचा केस याहून कितीतरी जाड. जाड काच आपटली तर फुटते, पण तिचाच इतका बारीक धागा वाकतो आणि ओढ सहन करतो. काच तुटते ती तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरांपासून, आणि नव्याने ओढलेल्या बारीक धाग्यात अशा चिरा फार थोड्या असतात. हा धागा मोठ्या प्रमाणावर काढण्याची कला अमेरिकेत १९३० च्या दशकात साधली. आपल्याकडे महाराष्ट्रात तळोजा येथे व गोव्यात कोलवाळ येथे काचतंतूंचे कारखाने उभे राहिले.

मात्र नुसता धागा म्हणजे पत्रा नव्हे. धाग्यांचा थर राळेत, म्हणजे पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी या कृत्रिम रेझिनमध्ये, भिजवून घट्ट करावा लागतो. ही कल्पना आपल्या गावांना नवी नाही. झरी जामणी तालुक्यातील कोलाम पोडांवर आजही कुडाच्या भिंती लिंपताना मातीत कुटार कालवतात. नुसती माती वाळली की भेगाळते. नुसते कुटार वाऱ्याने उडून जाते. दोन्ही एकत्र आली की भिंत उभी राहते. काचतंतूंच्या पत्र्यात राळ ही माती आहे आणि काच हे कुटार. फरक आहे तो शेवटी. कुडाची भिंत पडली तर पावसाळ्यागणिक माती मातीत मिसळते व कुटार कुजून जाते. पत्र्याचे तसे होत नाही.

वितळत का नाही?

लोखंड वितळते, ॲल्युमिनियम वितळते, पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिकही वितळते. म्हणूनच भंगारवाला ते घेतो. गूळ पातळ करून पुन्हा ढेप बांधता येते, तसे हे आहे. परंतु पत्र्यातील राळ वेगळ्या जातीची असते. ती घट्ट होताना तिच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात आणि सगळ्या पत्र्याचे एक जाळे होते. भाकरी भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही. तसेच ही राळ एकदा घट्ट झाली की तापविल्यावर वितळत नाही. अधिक तापविली तर करपते आणि जळते. मुलांच्या आगीत राळ जळून गेली, तिचाच तो काळा धूर. उघड्यावरच्या आगीत काच वितळण्याइतके तापमान नसते, म्हणून काचेची जाळी तेवढी राहिली.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. अशा वस्तू उघड्यावर कधीही जाळू नयेत आणि मुखपट्टीशिवाय करवतीने कापू नयेत. अखंड काचतंतू म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. ॲस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जाऊन अतिसूक्ष्म होतो व फुप्फुसात खोल रुततो. काचतंतू आडवा तुटतो आणि तुलनेने जाड राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अखंड काचतंतूंना कर्करोगकारक पदार्थांच्या गटात घातलेले नाही. तरीही त्यांचे तुकडे त्वचेला व डोळ्यांना टोचतात, आणि कापताना उडणारी धूळ श्वासनलिकेस त्रास देते. मुलांचे हात खाजले ते यामुळेच.

कचरा कोठे निर्माण होतो?

आमच्या अंगणातील ढीग लहान होता. उद्योगाचा ढीग मोठा आहे, आणि तो तीन ठिकाणी निर्माण होतो.

पहिले ठिकाण म्हणजे खुद्द तंतूंचा कारखाना. धागा ओढताना तुटतो, रीळ बदलताना काही धागा वाया जातो, आणि त्याचे ओलसर गुंते भट्टीखाली साचतात. हा कचरा राळविरहित, जवळजवळ निव्वळ काच असतो. तो पुन्हा भट्टीत टाकावा हे साहजिक वाटते. पण धाग्यावर चढविलेल्या रासायनिक लेपातील कार्बन वितळलेल्या काचेचा तोल बिघडवतो. त्यामुळे आधी लेप जाळून टाकावा लागतो, मग तंतू दळून पूड करावी लागते, आणि ती मोजूनमापूनच कच्च्या मालात मिसळावी लागते. या पुडीचा दुसराही उपयोग आहे. अत्यंत बारीक दळलेली ही काच काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग बदलून वापरता येते. औष्णिक वीजकेंद्रांची राख जसे काम करते, तसेच ती करते. नेहमीचा काचतंतू न दळता तसाच सिमेंटमध्ये घातला तर सिमेंटमधील अल्कली त्याला हळूहळू पोखरते. तोच दळून पूड केला तर त्याच अल्कलीशी संयोग पावून काँक्रीटला बळ देतो. एकच पदार्थ, एकच रासायनिक क्रिया. ती एका रूपात दोष ठरते आणि दुसऱ्या रूपात गुण. कचऱ्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे टाक्या, दारे, पाइप, बसगाड्यांचे भाग व पवनचक्क्यांची पाती तयार करणारे कारखाने. तेथे कातरण उरते, आणि साच्यात बिघडलेला माल राळेसह घट्ट झालेला असतो.

तिसरे ठिकाण म्हणजे आयुष्य संपलेल्या वस्तू. यात सर्वांत मोठा प्रश्न पवनचक्क्यांचा आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर या शतकाच्या आरंभी पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. पवनचक्कीचे आयुष्य २० ते २५ वर्षे धरतात. म्हणजे आमच्या भोजनगृहाचे पत्रे आणि त्या पवनचक्क्या एकाच वयाच्या. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांच्या जागी नव्या, अधिक क्षमतेच्या यंत्रांसाठी सुधारित धोरण आणले आहे. मनोऱ्याचे पोलाद विकले जाईल, तारांचे तांबे विकले जाईल. पात्यांवर मात्र भंगारवाला टिचकीच मारील. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील कॅस्पर गावी अशी शेकडो पाती तुकडे करून जमिनीत पुरण्यात आली, आणि त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. धूर न करता वीज देणाऱ्या यंत्राची अखेर खड्ड्यात होणे कोणालाच रुचले नाही.

तीन मार्ग आणि त्यांच्या अडचणी

या कचऱ्यावर जगभर जे उपाय झाले, त्यांपैकी पहिला म्हणजे दळणे. पत्रे किंवा पाती फोडून, दळून त्यांचा भुगा नव्या वस्तूंत भरणद्रव्य म्हणून वापरतात. काम सोपे आहे, पण भुग्याची स्पर्धा चुनखडीच्या पुडीशी होते आणि ती पूड फार स्वस्त असते. जर्मनीत या पद्धतीने चालविलेला एक मोठा उपक्रम या शतकाच्या आरंभी बंद पडला तो याच कारणाने.

दुसरा उपाय म्हणजे उष्णतेने राळ घालवून तंतू परत मिळविणे. हवेशिवाय तापविण्याची व तापलेल्या वाळूच्या थरात तापविण्याची, अशा दोन्ही पद्धती आहेत. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाने दुसऱ्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. तंतू हाती येतो खरा; परंतु सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापविलेल्या तंतूचे बळ निम्म्यावर येते, आणि त्याहून अधिक तापमानाला ते आणखी घटते. महागड्या कार्बनतंतूसाठी हा खटाटोप परवडतो. नवा काचतंतू मुळात स्वस्त असल्याने दुबळा, जुना काचतंतू कोणी घेत नाही.

तिसरा उपाय रासायनिक आहे. राळेचे जाळे रसायनांनी सोडवून काच व राळेचे मूळ घटक दोन्ही परत मिळवावयाचे. पवनचक्क्या तयार करणाऱ्या काही कंपन्यांनी २०२१ नंतर या दिशेने पावले टाकली आहेत. सीमेन्स गमेसा कंपनीने सौम्य आम्लात विरघळू शकेल अशा राळेची पाती तयार केली आहेत. हा मार्ग आशादायक आहे, पण तो उद्याच्या पात्यांसाठी अधिक उपयोगी आहे. काल उभारलेल्या पात्यांचा आणि आमच्या पत्र्यांचा प्रश्न त्याने लगेच सुटत नाही.

आपल्या तालुक्याचा चुनखडक आणि सिमेंटची भट्टी

आज मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष चालणारा चौथा मार्ग सिमेंटच्या भट्टीतून जातो, आणि तो समजून घेण्यास झरी जामणीच्या विद्यार्थ्यांएवढी सोय क्वचितच कोणाला असेल. आपल्या पायाखाली अतिप्राचीन समुद्राच्या तळावर साचलेला चुनखडक आहे. पैनगंगेच्या नावानेच भूशास्त्रज्ञ त्या खडकसमूहाला ओळखतात. त्याच्याच बळावर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले, आणि आपल्या तालुक्यात मुकुटबन येथे २०२२ मध्ये वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला.

सिमेंटच्या भट्टीत चुनखडी, माती व लोहयुक्त माती दळून सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवितात. तिच्या ज्वाळेचे तापमान २,००० अंशांच्या आसपास असते. त्यातून क्लिंकर नावाचे काळसर गोटे तयार होतात. तेच दळले की सिमेंट. या भट्टीला दोन गोष्टी लागतात : चुना, सिलिका व ॲल्युमिना देणारा कच्चा माल आणि जाळण्यासाठी इंधन. आता आमच्या पत्र्याकडे पाहावे. त्यातील काच म्हणजे सिलिका, चुना व ॲल्युमिना. त्यातील राळ म्हणजे इंधन. राख उरत नाही, कारण जी उरायची तीच क्लिंकर होते. या पद्धतीला सहप्रक्रिया म्हणतात. जर्मनीतील लेगरडॉर्फ येथील सिमेंट कारखान्यात पात्यांचा कचरा अशा रीतीने वापरला गेला आहे. अमेरिकेत २०२० मध्ये जीई व व्हिओलिया या कंपन्यांनी जुनी पाती दळून सिमेंट भट्ट्यांना देण्याचा करार केला.

विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब मांडतो. समजा, एक टन कचऱ्यात ६५० किलो काच व ३५० किलो राळ आहे. या काचेत साधारण ३५० किलो सिलिका, १३० किलो चुना व ९० किलो ॲल्युमिना मिळेल. १३० किलो चुना चुनखडीपासून काढायचा तर सुमारे २३० किलो शुद्ध चुनखडी भाजावी लागते, आणि त्यातून सुमारे १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कारण चुनखडीच्या दर १०० भागांतील ४४ भाग वायू होऊन उडतात. काचेतील चुना आधीच भाजलेला असल्याने हा वायू वाचतो. राळ जळताना मात्र कार्बन डायऑक्साइड निघतोच. वाचतो तो तिच्याऐवजी जळला असता तो कोळसा. हिशेब करताना जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे, म्हणून हे सांगितले.

या मार्गालाही मर्यादा आहेत. काचेतील बोरॉन अधिक झाला तर सिमेंट उशिरा घट्ट होते, म्हणून कचऱ्याचे प्रमाण आटोक्यात ठेवावे लागते. पात्यांच्या पोटातील काही फेसाळ प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतो. त्याने भट्टीच्या आत कठीण थर साचतात. पाती कापणे, फोडणे व वाहून नेणे खर्चाचे असते, कारण ती वजनाने हलकी पण आकाराने अवाढव्य. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये अशा न वितळणाऱ्या प्लास्टिकसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या व सिमेंट भट्टीतील सहप्रक्रियेचा मार्ग पुढे ठेवला. परंतु त्यासाठी परवानगी, तपासणी व नियमित पुरवठा लागतो. बैलगाडीत चार पत्रे घालून कोणी कारखान्याच्या दारात उभा राहिला तर भट्टीचे तोंड त्याच्यासाठी उघडत नाही. आमच्या पत्र्यांची अडचण नेमकी ही होती. त्यांच्यावर करावयाची प्रक्रिया माहीत आहे. पण गावोगावी विखुरलेले तुकडे गोळा करून तेथपर्यंत नेणारी साखळी नाही.

भट्टी ही शेवटची पायरी

चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द आता पाठ्यपुस्तकांतही आला आहे. खाणीतून काढा, वापरा व फेका ही सरळ रेष सोडून वस्तू पुन्हा पुन्हा वापरात फिरत ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. या दृष्टीने पाहिले तर भट्टीत गेलेला पत्रा चक्रात पुरता फिरत नाही. तंतू ओढण्यासाठी जे कौशल्य व जी ऊर्जा खर्ची पडली, ती तेथे संपते. हाती येते ती केवळ माती. खड्ड्यापेक्षा भट्टी निश्चित बरी; परंतु भट्टीपूर्वीच्या पायऱ्या न वापरता थेट तेथे जाणे हाही अपव्ययच.

हा विचार करताना आम्हांस विनयपिटकातील एक प्रसंग आठवला. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे एक भिक्षू काय करणार, अशी शंका घेऊन राजाने त्यांना विचारणा केली. आनंदांनी सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे होतील, जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकी फाटली, की त्यांचे तुकडे करून, मातीत कालवून त्याने जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा प्रसंग आम्ही अनेकदा सांगितला होता. काटकसरीचा धडा म्हणून सांगितला होता. या वेळी त्यातील शेवटची पायरी नव्याने दिसली. चिंध्यांचे तंतू मातीत कालवून लिंपण करणे म्हणजे मातीला बळ देणे. कुटाराची भिंत तीच, काचतंतूंचा पत्राही तोच. आनंदांच्या उत्तरात चिंध्या मातीत जातात, पण सहा कामे करून झाल्यावर. पहिल्याच दिवशी नवे वस्त्र मातीत कालवले असते तर ते दान वाया गेले असते.

काचतंतूंच्या बाबतीत या मधल्या पायऱ्या लोकांनी शोधल्या आहेत. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे जुन्या पात्यांचे मुलांसाठी क्रीडांगण केले आहे. बोगदे, मनोरे व घसरगुंड्या सारे पात्यांचेच. आयर्लंडमध्ये २०२२ मध्ये अशाच पात्यांवर पादचारी पूल उभारला. पाते पवनचक्कीसाठी म्हातारे झाले, तरी पुलाची तुळई म्हणून ते अजून तरुण असते.

आम्ही काय केले

मोठ्या उद्योगांचा प्रश्न शाळेने सोडविण्याचा नाही. पण अंगणातील ढीग आमचा होता. त्यातील निम्मे पत्रे अजून धड होते. त्यांची उघडी पडलेली बाजू पाण्याने भिजवून, हातमोजे व मुखपट्टी लावून मोठ्यांनी घासली व त्यावर रंगाचा हात दिला. आता ते रोपवाटिकेवर व लाकडे ठेवण्याच्या जागेवर आहेत. दोन दारांचे ओट्याजवळ आडोसे झाले. जे तुकडे खरोखर निरुपयोगी होते, ते जाड पोत्यांत बांधून, वर नाव लिहून कोठीत ठेवले आहेत. तालुक्यातील इतर शाळा, दवाखाने व ग्रामपंचायतींकडेही असे तुकडे असतील. ते एकत्र झाले तर एका वाहनाची खेप भरेल. आणि खेप भरली तर परवानाधारक प्रक्रिया केंद्राशी बोलता येईल. यासाठी आठवी व नववीचे विद्यार्थी या वर्षी गावोगावची नोंद करीत आहेत.

भोजनगृहाच्या छपराला या वेळी फायबरचा पत्रा घातला नाही. उजेडासाठी भिंतीत उंचावर खिडक्या काढल्या. हा बदल लहान आहे; पण पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवाच्या वेळी जे शिक्षक येथे असतील, त्यांच्या अंगणात आमचा ढीग नसेल. वस्तू घरात आणतानाच ती जाणार कोठे हे विचारणे, हाच या सर्व शास्त्राचा पहिला धडा आहे असे आम्हांस वाटते.

आणि ती पांढरी जाळी? ती आता प्रयोगशाळेच्या कपाटात काचेच्या बरणीत आहे. बरणीवर त्या विद्यार्थिनीच्या हातचीच चिठ्ठी आहे : ‘राळ जळाली. काच राहिली.’ नव्याने येणाऱ्या प्रत्येक तुकडीला आम्ही ती दाखवतो आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून थांबतो.